प्रॉक्समॉक्स, दोन पावसाळे वापरून झाल्यावर

स्टार द्यायचे तर साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. प्रॉक्समॉक्स म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम, चालवायचं सॉफ्टवेअर. आधीच सांगतो, हा फीचर मोजणारा रिव्ह्यू नाहीये, क्लस्टर (अनेक सर्व्हर एकत्र जोडणं) वगैरे मी वापरत नाही, आमच्याकडे एकच डबा आहे. मला एवढंच बघायचं असतं की आतल्या विंडोजने नाहीतर लिनक्सने रात्री अपडेट घेतलं तर सकाळी ती व्हीएम उठते का, आणि नाही उठली तर चहा गार व्हायच्या आत मी तिला उठवू शकतो का.

आमचं वर्कशॉप बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आणि ऑफिस अकोट्यात, पहिल्या मजल्यावर, चौदा माणसं. कॉम्प्युटरचं सगळं माझ्याच गळ्यात, खरं म्हणजे मी परचेस बघतो पण प्रिंटर एकदा दुरुस्त करून दाखवला की माणूस कायमचा आयटीवाला होतो तसं झालंय. सेकंडहँड टॉवर सर्व्हर घेतला, ६४ जीबी रॅम, दोन एसएसडी झेडएफएस नावाच्या फाइलसिस्टिमवर मिररमधे (दोन्हीवर तोच डेटा) आणि बॅकअपला वेगळी हार्ड डिस्क. त्यावर तीन व्हीएम: एक विंडोज सर्व्हर २०१९ ज्यात टॅली आहे, एक डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) ज्यात ड्रॉइंगच्या फाइली आणि हजेरी, आणि एक विंडोज १०, ती फक्त एका म्हाताऱ्या मशीनच्या सॉफ्टवेअरसाठी जिवंत ठेवलीये. शेठने विचारलं होतं, "मफतमां छे तो चालशे ने?" मी म्हटलं चालेल. चाललं पण. मधे एकदा आडवं पडलं ते माझ्या चुकीने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रॉक्समॉक्स व्हीई ही व्हिएन्नाच्या एका कंपनीची वस्तू, २००८ पासून आहे, खाली डेबियन आणि आत केव्हीएम (लिनक्समधलं व्हीएम चालवणारं इंजिन), सगळं ब्राउजरमधून चालतं, पोर्ट ८००६. मी ८ वर सुरू केलं, आता ९ वर आहे. फुकट वापरता येतं, फक्त लॉगिन केलं की सबस्क्रिप्शन नाही म्हणून एक खिडकी उघडते, ती बंद करायची. सवय होते.

आता मुख्य किस्सा. ऑगस्ट २०२४ चा पूर बडोद्यात कोणी विसरलं नसेल, विश्वामित्री गावात शिरली होती, मगरी रस्त्यावर, आणि आमच्या भागातली लाइट तीन दिवस गेली. यूपीएसने जेवढं खेचायचं तेवढं खेचलं आणि मान टाकली. चौथ्या दिवशी लाइट आल्यावर मी चिखल तुडवत ऑफिसला गेलो, डबा चालू केला, होस्ट (म्हणजे खालचा प्रॉक्समॉक्स) आला, दोन्ही विंडोज आल्या, आणि डेबियन नाही. कन्सोल उघडला तर काळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरात शेल असं लिहिलेलं आणि पुढे कर्सर लुकलुकतोय. ना ग्रब (लिनक्सला बूट करून देणारा प्रोग्रॅम), ना एरर, काहीच नाही.

माझं पहिलं डोकं अर्थातच अपडेटवर गेलं, कारण लाइट जायच्या आठवडाभर आधीच त्या डेबियनमधे नवीन कर्नल आला होता आणि मी मोठ्या शहाणपणाने आधी स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या क्षणाच्या स्थितीचा फोटो) काढून ठेवला होता. मग काय, रोलबॅक मारला, म्हणजे त्या स्थितीवर परत गेलो. परत शेल. मग हार्ड डिस्कवरचा महिन्यापूर्वीचा बॅकअप काढला, दुसऱ्या नंबरची व्हीएम म्हणून रिस्टोर केला, अर्धा तास गेला, चालू केली, परत तेच शेल. इथे मला घाम फुटला. म्हणजे महिन्यापूर्वीपासूनच बिघडलेलं होतं? मग महिनाभर ती चालत कशी होती, आणि अपडेटनंतर मी ती रीस्टार्ट पण केली होती की, तेव्हा तर मुकाट्याने उठली होती!

खालच्या टास्क लॉगमधे व्हीएम चालू केल्याच्या ओळीवर डबल क्लिक केलं तेव्हा दिसलं, ईएफआय डिस्क नाही, तात्पुरती वापरतोय, अशा अर्थाची एक ओळ वॉर्निंग म्हणून पडली होती. जानेवारीत ती व्हीएम बनवताना मी बायोसच्या जागी ओव्हीएमएफ निवडलं, म्हणजे यूईएफआय, बायोसचा नवा अवतार, पण ईएफआय डिस्क जोडायची टिक काढून टाकली होती, कशाला हवीये अजून एक डिस्क म्हणून. यूईएफआयमधे बूट कुठून करायचं ते मशीनच्या एनव्हीरॅममधे (बंद केलं तरी टिकणारी छोटी मेमरी) लिहिलेलं असतं, आणि व्हीएममधे तो एनव्हीरॅम म्हणजेच ती चिमुकली ईएफआय डिस्क. ती नसेल तर सगळी नोंद तात्पुरत्या फाइलमधे. गेस्टच्या (व्हीएममधल्या सिस्टिमच्या) आतून रीस्टार्ट केलं तर बाहेरची, व्हीएम चालवणारी क्यूईएमयू प्रोसेस मरत नाही, नोंद टिकते, सगळं छान वाटतं. व्हीएम पूर्ण बंद झाली की नोंद गेली. सात महिने मी होस्टला हातच लावला नव्हता, त्यामुळे सात महिने कळलं नाही. घर जागेवर होतं, पत्ता लिहिलेली वही वाहून गेली होती. आणि स्नॅपशॉट, बॅकअप दोन्हीत घरच होतं, वही कधी नव्हतीच.

विंडोज का उठल्या मग? सर्व्हरच्या व्हीएमला ईएफआय डिस्क होती, आणि विंडोज १० जुन्या पद्धतीच्या बायोसवर, म्हणजे सीबायोसवर आहे, तिथे ही भानगडच नाही. शिवाय विंडोज स्वतःच्या बूट फाइलची एक प्रत ईएफआय पार्टिशनमधे बूट नावाच्या फोल्डरात पण ठेवतं, जिथे कुठलंही फर्मवेअर (मशीन सुरू करणारं यूईएफआय) नोंद नसली तरी आपणहून बघतं. डेबियन बहुतेक वेळा फक्त डेबियन नावाच्या फोल्डरात ठेवतं.

दुरुस्ती करायला पंधरा मिनिटं लागली, कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. व्हीएम बंद केली, हार्डवेअर टॅबमधे जाऊन अ‍ॅड, ईएफआय डिस्क. तिथे प्री-एनरोल कीजची टिक आपोआप असते, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या चाव्या आत आणि सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेल्या फाइलीच बूट होऊ देणारी सोय) चालू. मग व्हीएम चालू करून शेलमधे एक्झिट टाइप केलं की फर्मवेअरचा मेन्यू येतो, त्यात बूट मेन्टेनन्स मॅनेजर, त्यात बूट फ्रॉम फाइल, मग पार्टिशन, मग ईएफआय, मग डेबियन. तिथे मी ग्रबची फाइल निवडली आणि त्याने ॲक्सेस डिनाइड म्हणून तोंडावर मारलं. कारण त्या ग्रबवर सही डेबियनची असते आणि फर्मवेअर ओळखतो मायक्रोसॉफ्टला. शेजारचीच शिम नावाची फाइल निवडायची, तिच्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि ती पुढे ग्रबला आत घेते. शिम निवडली आणि डेबियनचा लॉगिन आला, त्या क्षणी मी एकटाच ऑफिसमधे मोठ्याने हो म्हणालो. आत गेल्यावर ग्रब-ईएफआयचं पॅकेज रिकॉन्फिगर केलं, त्यात विचारतं की रिमूव्हेबल मीडियाच्या जागेवर पण प्रत टाकू का, तिथे होय. आता वही परत वाहून गेली तरी फर्मवेअर त्या बूट फोल्डरात जाऊन शोधेल.

आता हे सगळं प्रॉक्समॉक्सच्या खात्यात जमा की वजा? माझ्या मते जमा, कारण ऑफिसमधे बसून ब्राउजरमधेच मला फर्मवेअरच्या मेन्यूपर्यंत जाता आलं. गेस्ट उठत नसतो तेव्हा रिमोट डेस्कटॉप, एसएसएच सगळे कुचकामी, तेव्हा कामाचा फक्त कन्सोल. तो इथे फुकटात येतो आणि घरून व्हीपीएन लावून पण चालतो. पण ज्या वॉर्निंगवर माणसाचे चार तास आणि दोन वर्षांचं आयुष्य जाऊ शकतं ती टास्क लॉगच्या पोटात एका ओळीत असणं, त्याचा पाव स्टार कापला.

दुसरा पाव स्टार कन्सोलचाच. व्हीएम स्टार्ट करून कन्सोलची खिडकी जोडली जाईपर्यंत ग्रबचा मेन्यू येऊन गेलेला असतो, विशेषतः उबंटूत, तिथे मेन्यू लपलेलाच असतो. जुना कर्नल निवडायचा असेल तर बायोसवाल्या व्हीएमला शिफ्ट आणि यूईएफआयवालीला एस्केप दाबायचं, पण दाबणार कधी. यावर दोन उपाय. एक, ग्रबचा टाइमआउट आधीच दहा सेकंद करून ठेवणे. दुसरा, व्हीएमच्या ऑप्शन्समधे फ्रीझ सीपीयू ॲट स्टार्टअप आहे, ते लावलं की व्हीएम गोठलेल्या अवस्थेत उभी राहते, तुम्ही आरामात कन्सोल उघडा आणि मग रिझ्यूम करा. माझ्यासारखा माणूस हे शोधायला वर्ष लावतो.

विंडोजबद्दल. विंडोजचं अपडेट म्हटलं की लोक घाबरतात, पण व्हीएममधे विंडोज न उठण्याचं मी पाहिलेलं मुख्य कारण अपडेट नसून आपणच खालचं हार्डवेअर बदललेलं असतं. इतरांच्या सल्ल्याने डिस्क साटावरून व्हर्टआयओवर (खास व्हीएमसाठीचा वेगवान कंट्रोलर) बदलली, स्पीड वाढेल म्हणून, आणि निळा पडदा, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. विंडोजकडे त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर बूटच्या वेळी तयारच नव्हता. बरोबर पद्धत अशी की आधी एक जीबीची खोटी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची, व्हर्टआयओच्या आयएसओतून ड्रायव्हर टाकायचा, विंडोजला ती डिस्क दिसली की बंद करून मग खरी डिस्क बदलायची आणि ऑप्शन्समधे बूट ऑर्डर परत लावायची. बूट ऑर्डर सगळे विसरतात, मी पण विसरलो. प्रॉक्समॉक्सची एक गोष्ट मला आवडली, विंडोजची व्हीएम बनवली की तो मशीनची व्हर्जन तिथेच खिळवून ठेवतो, म्हणजे होस्टवर क्यूईएमयू नवीन आलं तरी विंडोजला आपला मदरबोर्ड बदलल्यासारखं वाटत नाही. यावर हात फिरवू नका, लेटेस्ट करण्यात काही मजा नाहीये.

अपडेटनेच खरोखर मारल्याची उदाहरणं आहेत, नाही असं नाही. फेब्रुवारी २०२३ मधे विंडोज सर्व्हर २०२२ चं केबी ५०२२८४२ हे अपडेट आलं आणि व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ७ (प्रॉक्समॉक्ससारखंच सॉफ्टवेअर) वरच्या, सिक्युअर बूट चालू असलेल्या व्हीएम उठेनात, व्हीएमवेअरने ७.० अपडेट ३के काढून ते सोडवलं, तोपर्यंत लोक सिक्युअर बूट बंद करून बसले होते. लिनक्सवाल्यांनी हसू नये, जुलै २०२० मधे बूटहोलच्या (ग्रबमधली सुरक्षेची चूक) पॅचनंतर कितीतरी डेबियन-उबंटू मशीनं ग्रब कॅलॉक (ग्रबच्या आतलं एक फंक्शन) सापडत नाही म्हणून रेस्क्यूच्या प्रॉम्प्टवर बसली होती. त्याचं कारण मजेशीर आहे, पॅकेजला वाटत होतं ग्रब अमुक डिस्कवर आहे, प्रत्यक्षात मशीन दुसऱ्याच डिस्कवरून बूट होत होतं, म्हणजे सुरुवातीचा तुकडा जुना आणि मॉड्यूल नवीन, दोघांचं जमेना. टेम्प्लेटवरून क्लोन केलेल्या व्हीएमला हे हमखास होतं. ग्रब-पीसीचं पॅकेज रिकॉन्फिगर करून डिस्क एकदा नीट निवडली की विषय संपतो, बायोसवर चालणारी लिनक्स व्हीएम असेल तर आजच बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि बूटचं पार्टिशन भरणं. छोटं बूट पार्टिशन, जुने कर्नल साठत गेलेले, नवीन कर्नल आला, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नलला लागणारी फाइल) अर्धवट लिहिलं गेलं, पुढच्या बूटला रूट फाइलसिस्टिम सापडत नाही म्हणून कर्नल पॅनिक. जुना कर्नल निवडून आत जा, ऑटोरिमूव्ह करा, इनिटरॅमएफएस परत बनवा. बास.

स्नॅपशॉटवर थोडं सविस्तर, कारण इथे मी शिव्या खाल्ल्यात. स्नॅपशॉट काढणं एका बटणाचं काम, झेडएफएसवर तर सेकंद-दोन सेकंद, आणि रोलबॅक पण तसंच. हीच गंमत घातक. एका मंगळवारी सकाळी टॅलीच्या सर्व्हरला प्रिंटिंगचा काहीतरी लोचा झाला, मला वाटलं रात्रीचं अपडेट, रात्रीचा स्नॅपशॉट होताच, साडेबाराला रोलबॅक मारून मोकळा. प्रिंटिंग सुरू झालं. पाचच मिनिटांत अकाउंट्सच्या काकू आल्या.

"अरे, माझ्या सकाळच्या एंट्र्या कुठे गेल्या?"

"कुठल्या एंट्र्या काकू?"

"चाळीस व्हाउचर केलीत सकाळपासून. चाळीस. मोजून."

रोलबॅक म्हणजे व्हीएमच्या सगळ्या डिस्क मागे जातात, डेटासकट. वेगळी डेटा डिस्क केली तरी स्नॅपशॉट तिचा पण निघतोच. बॅकअपमधून डिस्क वगळायची टिक आहे, स्नॅपशॉटमधून वगळायची नाहीये. काकूंनी चाळीस व्हाउचर परत टाकली आणि मला आठवडाभर चहाला विचारलं नाही. तेव्हापासून टॅलीचा डेटा दुसऱ्या व्हीएमच्या शेअरवर आहे, आणि अपडेट मी ऑफिस बंद असतानाच करतो. सर्वात भारी दिवस वासी उत्तरायण, १५ जानेवारी, बडोद्यातलं सगळं गाव गच्चीवर असतं, सर्व्हर कोणाला आठवत पण नाही. एरवी रविवार सकाळ, येताना सेव उसळ बांधून आणायची.

अजून दोन बारीक गोष्टी. झेडएफएसवर फक्त शेवटच्या स्नॅपशॉटवरच परत जाता येतं, मधल्यावर जायचं तर पुढचे उडवायला लागतात, त्यामुळे दहा-दहा साठवून काही उपयोग नाही. आणि विंडोज जेव्हा रीस्टार्ट मागत बसलेलं असतं तेव्हा स्नॅपशॉट काढू नका, अर्धवट अपडेटचा फोटो काढल्यासारखं आहे ते. आधी रीस्टार्ट, मग पूर्ण शटडाउन, मग बंद अवस्थेत स्नॅपशॉट, मग अपडेट.

माझी आत्ताची पद्धत सांगतो. मोठं अपडेट असेल, म्हणजे डेबियन १२ वरून १३ वगैरे, तर आधी फुल क्लोन. क्लोनला मॅक ॲड्रेस आपोआप नवीन मिळतो पण आतला आयपी तोच राहतो, म्हणून पहिल्यांदा चालू करायच्या आधी नेटवर्क कार्डावर डिस्कनेक्टची टिक, आत जाऊन आयपी बदलला की टिक काढायची. क्लोनवर अपडेट करायचं. मग आतून रीस्टार्ट. मग प्रॉक्समॉक्सवरून शटडाउन, हिरवा त्रिकोण जाऊन राखाडी होईपर्यंत थांबायचं, आणि मग स्टार्ट. पुरानंतर हे शेवटचं मी कधीच टाळत नाही. दोन्ही वेळेला उठली तरच खऱ्या व्हीएमला हात. आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून एक व्हीएम वेगळ्या नंबरवर रिस्टोर करून, युनिकची टिक (म्हणजे मॅक ॲड्रेस नवीन) लावून, केबल काढल्यासारखी ठेवून, लॉगिन येतो का बघायचं. आला की डिलीट. डिलीट करताना नंबर दोनदा वाचायचा, प्रॉक्समॉक्स तुमच्याकडून नंबर टाइप करून घेतो तो उगाच नाही.

दुसरं काही घ्यावं का असं कोणी विचारेल. मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही विंडोजवाल्यांना बरं, फक्त जनरेशन २ मधे (यूईएफआयवाली व्हीएम) लिनक्स टाकताना सिक्युअर बूटचं टेम्प्लेट बदलायला लागतं, नाहीतर ते इन्स्टॉलरलाच उभं करत नाही. व्हीएमवेअर उत्तम होतं आणि आहे, पण ब्रॉडकॉमने घेतल्यावर २०२४ च्या फेब्रुवारीत फुकटचं ईएसएक्सआय बंद केलं, २०२५ च्या एप्रिलमधे परत आणलं, अशा येरझाऱ्यांवर चौदा माणसांचं ऑफिस कोण टांगणार. व्हर्च्युअलबॉक्स घरच्या लॅपटॉपवर ठीक.

सध्या माझ्या डोक्यात सिक्युअर बूटच्या चाव्या आहेत. मायक्रोसॉफ्टची २०११ ची सर्टिफिकेटं जून २०२६ पासून संपायला लागतात, जागी २०२३ ची. चालू असलेलं मशीन त्या दिवशी लगेच आडवं पडणार नाही, पण बूटच्या भागाचे पुढचे सिक्युरिटी अपडेट जुन्या चाव्यांवर मिळणार नाहीत, आणि जुन्या ईएफआय डिस्कमधे जुन्याच चाव्या आहेत. टॅलीवाल्या व्हीएमची ईएफआय डिस्क २०२३ च्या शेवटाची आहे, त्यात काय आहे ते या रविवारी क्लोनवर बघणार. काकूंना सांगून ठेवलंय की शनिवारी संध्याकाळी सहानंतर एकही व्हाउचर टाकायचं नाही. "लिहून दे," म्हणाल्या.